कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड आणि कॉस्टिक सोडा: प्रयोगशाळेतल्या कामाचा नेमका क्रम

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असतं: ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. वाक्य बरोबर आहे. तरीही ते पाठ असणाऱ्यांचे हात भाजतात, डोळ्यांत थेंब उडतात. माझ्या पाहण्यातल्या अशा बऱ्याचशा घटना ॲसिड पातळ करतानाच्या नव्हत्या. बाटली उघडताना, ती टेबलावर ठेवताना, काम झाल्यावर टेस्ट ट्यूब नळाखाली धरताना किंवा हातमोजे काढताना त्या घडल्या. म्हणजे मुख्य कृती सगळ्यांना येते, तिच्या आधीचं आणि नंतरचं चुकतं.

बारावीच्या किंवा पदवीच्या प्रात्यक्षिकांसाठी कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ॲसिड, कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि लिकर अमोनिया (अमोनिया वायूचं पाण्यातलं तीव्र द्रावण) यांपासून टेबलावरची डायल्यूट, म्हणजे पातळ द्रावणं करणं, ती वापरणं आणि शेवटी सगळं आवरणं, एवढ्या कामासाठी हा लेख आहे. शिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि परिचर या तिघांनी तो एकत्र वाचावा, कारण काम तिघांच्या हातून जातं.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड यात धरलेलं नाही. ते कातडीतून आत शिरतं, डायल्यूट असेल तर सुरुवातीला दुखतही नाही आणि त्याच्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आधीपासून हाताशी लागतं. तुमच्या कपाटात ती बाटली असेल तर इथल्या सूचनांवर विसंबून ती उघडू नका.

## टप्पा १ : आधी कागद, मग कपाट

काय करायचंय, किती आणि कशापासून, हे बाटलीला हात लावण्याआधी लिहून काढा. बाटली उघडी ठेवून आकडेमोड करणारा माणूस हमखास घाई करतो.

बाजारात मिळणारं सल्फ्युरिक ॲसिड ९८ टक्के, म्हणजे सुमारे १८ मोलर (एका लिटरमध्ये १८ मोल) असतं. हायड्रोक्लोरिक ३५ ते ३७ टक्के, सुमारे ११.५ मोलर. नायट्रिक ६९ ते ७० टक्के, १५ ते १६ मोलर. लिकर अमोनिया २५ टक्क्यांचा असेल तर १३ मोलरच्या थोडा वर. यावरून एक लिटर द्रावणासाठी लागणारं प्रमाण असं येतं:

- १ मोलर सल्फ्युरिक ॲसिड : सुमारे ५५ मिली
- २ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड : १७० ते १७५ मिली
- २ मोलर नायट्रिक ॲसिड : सुमारे १३० मिली
- २ मोलर अमोनिया : सुमारे १५० मिली
- २ मोलर कॉस्टिक सोडा : ८० ग्रॅम

टेबलावर ठेवायच्या द्रावणांना एवढी अचूकता पुरते. टायट्रेशनचं द्रावण नंतर प्रमाणित करावंच लागतं, त्यामुळे मोजताना शेवटच्या थेंबासाठी सिलिंडर डोळ्यांजवळ नेऊन धरण्याची गरज नाही.

नेहमीची चूक : जुन्या वहीत प्रमाण नॉर्मल या तीव्रतेच्या जुन्या एककात असतं आणि नवीन माणूस ते मोलर समजतो. हायड्रोक्लोरिकला फरक पडत नाही. सल्फ्युरिकचं २ नॉर्मल म्हणजे १ मोलर, त्यामुळे गफलत झाली की द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि मुलं ते डायल्यूट समजूनच हाताळतात.

प्रत्येक रसायनाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक येतं, नसेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळतं. ते सगळं वाचायला वेळ नसेल तर चार विभाग तरी वाचा: चौथा प्रथमोपचाराचा, सहावा सांडल्यावर काय करायचं त्याचा, आठवा हातमोजे-गॉगलचा आणि दहावा कशाशी संयोग धोक्याचा आहे ते सांगणारा. बाटलीवर हात आणि धातू कुरतडला जात असल्याचं चित्र असेल तर पदार्थ संक्षारक आहे, शरीर जाळणारा. नुसतं उद्गारचिन्ह असेल तर तो बहुधा दाह करणारा आहे. मात्र तेच रसायन तीव्र असताना पहिल्या गटात आणि पातळ झाल्यावर दुसऱ्या गटात मोडू शकतं, म्हणून चित्र बघताना टक्केवारीही बघा.

## टप्पा २ : अपघात होण्याआधी पाण्याची सोय

प्रथमोपचार लेखाच्या शेवटी देण्याची पद्धत आहे. मी तो इथे घेतोय, कारण अंगावर ॲसिड उडाल्यावर कुणी तक्ता वाचत बसत नाही. जे आधी डोक्यात असेल तेच हातून होतं.

नळ सोडून बघा. पाणी येतंय का, धार सलग आहे का? अनेक कॉलेजांत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ते इतकं तापतं की त्याखाली डोळा धरवत नाही. अशा दिवसांत पातळ करण्याचं काम सकाळी उरका आणि सावलीत ठेवलेल्या स्वच्छ पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या जवळ असू द्या. आयवॉश स्टेशन असेल तर ते दहा सेकंदांत गाठता आलं पाहिजे आणि वाटेत स्टूल, दप्तरं, खोकी नकोत. ते आठवड्यातून एकदा चालवून बघा, नाहीतर ऐन वेळी पाइपमधला गंज डोळ्यांत जातो. आयवॉश नसेल तर एका नळाला मऊ रबरी नळी लावून ठेवा आणि हलकी, सलग धार येईल एवढीच तोटी उघडायची सवय करा.

डोळ्यांत गेलं तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली. डोळा आपोआप घट्ट मिटतो, म्हणून दुसऱ्या माणसाने दोन बोटांनी पापण्या उघड्या धरायच्या. बाधित डोळा खालच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघाली तर काढायची, ती काढत बसून धुणं थांबवायचं नाही. किमान १५ ते २० मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांनी आग कमी झाली की माणूस “आता बरं वाटतंय” म्हणून उठतो. त्याला उठू देऊ नका. त्यानंतर नेत्रतज्ज्ञाकडे जायचंच, सोबत बाटलीच्या लेबलचा फोटो घेऊन.

कॉस्टिक सोडा आणि अमोनिया डोळ्यांच्या बाबतीत ॲसिडहून वाईट. ॲसिडने वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्यांचा थोडा अडथळा तयार होतो. अल्कली पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करत आत-आत जाते आणि सुरुवातीला वेदनाही कमी वाटू शकते. म्हणून अल्कली डोळ्यांत गेली असेल तर डॉक्टरांच्या हाती सोपवेपर्यंत जमेल तितकं धूत राहा.

कातडीवर उडालं तर भरपूर वाहतं पाणी, तेवढाच वेळ. कपडे, घड्याळ, अंगठी धुता-धुताच काढायचं. भिजलेला टी-शर्ट डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा. कोरडी भुकटी किंवा कॉस्टिक सोड्याचे दाणे असतील तर आधी झटकून टाका आणि मग धुवा. सल्फ्युरिकसाठी आधी कोरड्या फडक्याने पुसण्याचा जुना सल्ला अजून काही ठिकाणी ऐकू येतो. फडकं शोधण्यात वेळ घालवू नका, थेट जोराच्या पाण्याखाली जा.

सावधान : ॲसिडवर खायचा सोडा आणि अल्कलीवर व्हिनेगर, हा हिशेब कातडीवर किंवा डोळ्यांत कधीही करायचा नाही. त्यातून उष्णता निघते आणि धुण्याचा मोलाचा वेळ जातो. मलम, हळद, टूथपेस्टही नको.

तोंडात गेलं तर चुळा भरायला लावा, उलटी करवू नका: वर येताना तेच रसायन अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. वाफा श्वासात गेल्या तर मोकळ्या हवेत न्या. नायट्रिकच्या तपकिरी वाफांचा परिणाम फुप्फुसांवर कित्येक तासांनी दिसू शकतो, म्हणून माणूस ठणठणीत वाटला तरी त्याला डॉक्टरांना दाखवा. महाराष्ट्रात १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे. हा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत हवा.

तपासणी : खोलीत दुसरा माणूस आहे का? एकट्याने कॉन्सन्ट्रेटेड रसायनाची बाटली उघडायची नाही, मग काम कितीही छोटं असो.

## टप्पा ३ : अंगावर काय हवं, काय नको

चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूंनी बंद असलेला, रसायनाच्या शिंतोड्यांसाठी केलेलाच गॉगल घ्या. तो चष्म्यावरूनही बसतो. अर्धा लिटरच्या वर काम असेल तर त्यावर फेस शील्ड. नुसती फेस शील्ड पुरत नाही, खालून थेंब आत जातात.

ॲप्रन सुती, पूर्ण बाह्यांचा, बटणं लावलेला. ओढणी आणि साडीचा पदर ॲप्रनच्या आत खोचलेला. मोकळे केस बांधलेले. अंगठ्या काढून ठेवा, कारण अंगठीखाली गेलेला थेंब धुतला जात नाही. पायांत चप्पल नको, बंद बूट हवेत. मांडीवर पडलेलं ॲसिड ओघळून शेवटी पायावरच येतं.

हातमोज्यांबद्दल सर्वात मोठा गैरसमज आहे. खोक्यातून निघणारे पातळ निळे नायट्राइलचे मोजे अधूनमधून उडणाऱ्या शिंतोड्यांपुरते असतात. कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक त्यांना खराब करतं, सल्फ्युरिक त्यांच्यातून पार जातं आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड तर काही मिनिटांत आत शिरतं. मोजा घातलाय म्हणून हात सुरक्षित, असं समजून ओल्या मोज्याने काम चालू ठेवलं की रसायन कातडीला चिकटून राहतं. त्यापेक्षा उघडा हात बरा, तो निदान लगेच धुतला तरी जातो. बाटलीतून ओतायच्या कामासाठी जाड निओप्रिनचे मोजे वापरा. पातळ मोजेच असतील तर थेंब पडला त्या क्षणी बदला.

## टप्पा ४ : बाटली आणणं आणि उघडणं

अडीच लिटरच्या बाटलीत सल्फ्युरिक ॲसिडचंच वजन ४.६ किलो भरतं, काच वेगळी. ती मानेला धरून लटकवत आणायची वस्तू नाही. प्लास्टिकच्या बादलीत ठेवून आणा. उचलताना एक हात मानेला, दुसरा तळाखाली. शिडीवर चढून काढावी लागत असेल तर आज काम थांबवा आणि आधी बाटल्यांची जागा बदला: संक्षारक द्रव डोळ्यांच्या पातळीच्या वर कधीच नसावेत.

ओतायची जागा म्हणजे फ्यूम हूड, वाफा बाहेर खेचणारं शटरचं कपाट. शटर चेहऱ्याच्या खाली, बाटली कडेपासून वीतभर आत. हूड नसेल तर एक्झॉस्ट चालू, खिडक्या उघड्या आणि डोक्यावरचा पंखा बंद. छताचा पंखा वाफा बाहेर घालवत नाही, त्या तुमच्या तोंडावर आणून सोडतो.

उघडण्याआधी बाटलीचा तळ आणि बाहेरचा भाग ओल्या टिश्यूने पुसा. मागच्या वेळी ओघळलेला थेंब तिथे असतो. लेबल तळहाताच्या बाजूला ठेवून धरा, म्हणजे ओघळ अक्षरांवरून जात नाही. झाकण टेबलावर पालथं ठेवायचं नाही. ते हातात तरी धरा किंवा वॉच ग्लासवर उताणं ठेवा. ओतून झालं की बाटलीचं तोंड भांड्याच्या काठाला टेकवून शेवटचा थेंब आतच सोडा आणि झाकण लगेच लावा. मग पुढचं काम.

लिकर अमोनिया वेगळा. उन्हाळ्यात या बाटलीत वायूचा दाब साठतो आणि झाकण फिरवताच फवारा येतो. न उघडलेली बाटली आधी अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. मग हूडमध्ये, झाकणावर ओलं फडकं धरून, तोंड बाजूला करून, सावकाश फिरवा. वायू सुटल्याचा आवाज आला की थांबा, तो संपू द्या आणि मगच पुढे.

## टप्पा ५ : ॲसिड पातळ करणं

एक लिटर, १ मोलर सल्फ्युरिकचं उदाहरण घेऊ.

१. दोन लिटरचा बोरोसिलिकेट काचेचा बीकर घ्या आणि तडे नाहीत ना, ते उजेडाकडे धरून बघा. तो थंड पाण्याच्या प्लास्टिक टबमध्ये ठेवा.

२. त्यात ७०० मिली डिस्टिल्ड वॉटर आधी घाला.

३. कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड कोरड्या छोट्या बीकरमध्ये किंवा सिलिंडरमध्ये ५५ मिली काढा. मोठी बाटली बंद करून मागे सरकवा. पुढचं सगळं या छोट्या भांड्यातून होईल.

४. काचकांडीच्या आधाराने बारीक धार सोडा, साधारण १० मिली. ढवळा. पुन्हा १० मिली. बीकरला बाहेरून हात लावून बघा. फार गरम लागला तर थांबा.

५. सगळं घालून झाल्यावर द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मगच पाणी घालून एक लिटर करा आणि बाटलीत भरा.

चौथ्या पायरीतलं ढवळणं लोक गाळतात, आणि खरी मेख तिथेच आहे. सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, घनता १.८४. न ढवळता भराभर ओतलं तर ते तळाशी जाऊन बसतं. वर पाणी, खाली ॲसिड, आणि द्रावण शांत दिसतं. मग कुणीतरी कांडी घालून एकदम ढवळतं आणि सगळी उष्णता एकाच वेळी सुटते. म्हणजे क्रम बरोबर असूनही भांडं उसळतं. उलटा क्रम जास्त धोक्याचा असतो तो याच कारणाने: हलकं पाणी ॲसिडवर तरंगतं, जिथे टेकतं तिथेच उकळतं आणि ॲसिड घेऊन बाहेर उडतं.

सावधान : हे काम मेझरिंग सिलिंडर, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क किंवा जाड काचेच्या रिएजंट बाटलीत करायचं नाही. उष्णतेने ती काच तडकते. थर्मामीटरने ढवळू नका.

हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकचा क्रम हाच. त्यांत उष्णता कमी, वाफा जास्त, म्हणून हूड सोडू नका. नायट्रिकच्या आसपास अल्कोहोल, ॲसिटोन, ॲसेटिक ॲसिड, कापूस, टिश्यूंचा ढीग यांतलं काही नको.

तपासणी : बाटली भरण्याआधी लेबल चिकटवा. नाव, तीव्रता, तारीख, करणाऱ्याचं नाव. “नंतर लावतो” म्हणून ठेवलेली रंगहीन द्रवाची बाटली पाण्यासारखीच दिसते.

## टप्पा ६ : कॉस्टिक सोडा

ॲसिडची भीती सगळ्यांना असते, कॉस्टिक सोड्याची नसते. पांढरे दाणे निरुपद्रवी दिसतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तराजूच्या पॅनशेजारी पडलेला एक दाणा बघत राहा. आधी तो ओलसर चमकतो, मग कडा विरघळतात, आणि थोड्याच वेळात तिथे फक्त एक रंगहीन थेंब उरतो. पुढे वजन करायला आलेला माणूस तो पाण्याचा समजून बोटाने पुसतो आणि तेच बोट पुढे डोळ्याकडे जातं. म्हणून वजन झालं की तराजू आणि भोवतीचा टेबल ओल्या कपड्याने लगेच पुसा आणि तो कपडा धुवा.

वजन बीकरमध्येच करा, कागदावर नको. दाणे चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने घ्या. पाणी आधी, दाणे नंतर, थोडे-थोडे, ढवळत. ८० ग्रॅम दाणे एकदम ३०० मिली पाण्यात टाकले तर तापमान ६० अंशांच्या आसपास वाढू शकतं. खोलीत आधीच ३५ अंश असतील तर ते द्रावण जवळजवळ उकळीला येतं. ढवळलं नाही तर दाणे तळाशी घट्ट वडी होऊन बसतात. ती वडी टोकरायला गेलं की बीकर फुटतो.

द्रावण पॉलिथिनच्या बाटलीत ठेवा. काचेचा बूच असलेल्या बाटलीत ठेवलं तर बूच जाम होतो आणि मग तो ठोकून उघडण्याचे प्रयोग सुरू होतात. ॲल्युमिनियमची भांडी दूर ठेवा: अल्कलीने ॲल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो.

## टप्पा ७ : मुलांच्या टेबलावर

इथे माझा एकच आग्रह आहे: क्षार विश्लेषणातल्या, म्हणजे दिलेला क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकातल्या, कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकच्या परीक्षणाकडे सर्वात जास्त लक्ष द्या. मुलगा क्षारावर ॲसिड घालतो, तापवतो, वायू ओळखतो, वहीत लिहितो. पुढच्या परीक्षणासाठी टेस्ट ट्यूब रिकामी हवी असते. तो तीच गरम ट्यूब घेऊन सिंककडे जातो आणि तोटी सोडतो. आत गरम कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड आहे आणि त्यावर पाणी पडतंय. पाठ केलेलं वाक्य तो त्या क्षणी उलटं करत असतो, फक्त त्याला ते ॲसिड पातळ करणं वाटत नाही, भांडी धुणं वाटतं.

त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक टेबलावर स्टँडच्या एका कोपऱ्यात या ट्यूब थंड होण्यासाठी उभ्या करायच्या. पूर्ण थंड झाल्या की आतलं द्रव भरपूर पाणी असलेल्या प्लास्टिकच्या टबमध्ये हळूच ओतायचं आणि रिकामी ट्यूब तिथेच बुडवायची. नळाखाली त्यानंतर. प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी हे तोंडी सांगा, टब दाखवा आणि पहिल्या ट्यूबच्या वेळी शेजारी उभे राहा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तापवताना ट्यूबचं तोंड भिंतीकडे, समोरच्या मुलीकडे नाही. वास घ्यायचा तो हाताने हवा आपल्याकडे लोटून. पिपेट तोंडाने ओढायची नाही. रबरी बल्ब सगळ्यांना पुरतील एवढे घ्या, ते महाग नाहीत. ड्रॉपर उलटा धरला की ॲसिड रबरी टोपीत जातं, रबर कुजतं आणि मग ते बोटांवर गळतं. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला डायल्यूट सल्फ्युरिकच. कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड घन परमँगनेटवर पडलं तर स्फोटक पदार्थ बनतो. हायड्रोक्लोरिक घातलं तर क्लोरीन सुटतो. लादी पुसण्याचं ब्लीचिंगचं द्रावणही ॲसिडपासून आणि अमोनियापासून लांब हवं (ॲसिडने क्लोरीन सुटतो, अमोनियाने क्लोरामाइनच्या विषारी वाफा), हे सफाई करणाऱ्या मावशींनाही सांगायला हवं.

## टप्पा ८ : सांडलं तर

कोरडी वाळू आणि खायचा सोडा, दोन्ही झाकणाच्या डब्यांत. किती, याचा हिशेब करून ठेवा. १०० मिली कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकला ३०० ग्रॅमहून जास्त सोडा लागतो, अर्ध्या लिटरच्या फुटलेल्या बाटलीला दीड किलोच्या वर. कपाटातली छोटी पुडी इथे काही कामाची नाही, दोन किलोचा डबा ठेवा.

आधी मुलांना बाजूला करा. कॉन्सन्ट्रेटेड ॲसिडवर प्रथम वाळूचा बांध आणि मग वाळूच. त्यानंतर सोडा, बाहेरून आत, थोडा-थोडा. फेस थांबला की प्लास्टिकच्या सुपलीने बादलीत भरायचं. फरशी पाण्याने धुऊन पीएच पेपरने बघायचं. लाकडाचा भुसा, कापूस किंवा पोतं नायट्रिक आणि सल्फ्युरिकवर टाकायचं नाही. नायट्रिकने ते पेटूही शकतं. अल्कली सांडली तर सायट्रिक ॲसिडची भुकटी चालते.

नायट्रिक किंवा अमोनियाची मोठी बाटली बंद खोलीत फुटली तर सोडा शोधू नका. सगळे बाहेर, दार बंद, मग मदत.

## टप्पा ९ : आवराआवर

डायल्यूट ॲसिडचा कचरा पाण्याने अर्ध्या भरलेल्या प्लास्टिक बादलीत जमवा. फेस थांबेपर्यंत हळूहळू सोडा घाला, पीएच ६ ते ८ आला की भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडा. शिसं, बेरियम, तांबं, चांदी, क्रोमियम असलेली द्रावणं यात नकोत, त्यांचा वेगळा कॅन ठेवा. सोडियम सल्फाइडचं द्रावण ॲसिडच्या बादलीत ओतलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि हा वायू जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो. नायट्रिक असलेल्या कचऱ्यात कुठलाही सेंद्रिय द्रव ओतून कॅन घट्ट बंद करू नका, दाबाने तो फुटतो. काच धुण्यासाठी क्रोमिक ॲसिड अजून वापरत असाल तर बंद करा. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवलेली काचही पुरेशी स्वच्छ होते.

मग अंगावरचं उतरवण्याचा क्रम. घातलेले मोजे आधी नळाखाली धुवा. मनगटाकडून उलटे करत काढा, बाहेरची बाजू बोटांना लागू देऊ नका. त्यानंतर ॲप्रन. गॉगल सर्वात शेवटी, आणि तोही खोलीतल्या सगळ्या बाटल्या बंद झाल्यावर. शेवटी साबणाने हात. मोजे घातलेल्या हाताने फोन, दाराची कडी, रजिस्टर, पेन यांना स्पर्श करणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. तो फोन नंतर गालाला लागतो.

कपाटात ॲसिड खालच्या खणात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. नायट्रिकचा ट्रे स्वतंत्र, ॲसेटिक ॲसिड आणि ज्वालाग्राही द्रवांपासून दूर. अमोनिया आणि कॉस्टिक सोडा दुसऱ्या कपाटात. हायड्रोक्लोरिक आणि अमोनियाच्या बाटल्या शेजारी असतील तर त्यांच्या वाफांचा पांढरा थर दोन्ही बाटल्यांवर चढतो. तो दिसला की समजा, मांडणी चुकली आहे.

किती वापरलं आणि किती उरलं, हे त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या आदेशानुसार शैक्षणिक संस्थांना ॲसिडच्या वापराची नोंदवही ठेवून ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करावी लागते, साठ्यासाठी एक व्यक्ती जबाबदार ठरवावी लागते आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी लागते. तेव्हा कपाटाची किल्ली खिळ्यावर लटकलेली नको, त्या जबाबदार व्यक्तीकडेच हवी.

रिकाम्या बाटल्यांवरही नजर ठेवा. त्या मजबूत असतात, म्हणून फिनेल किंवा रॉकेल भरायला घरी नेल्या जातात. थेंबभर सल्फ्युरिक तळाशी असलेल्या बाटलीत घरी कुणीतरी नळाचं पाणी भरतं. सल्फ्युरिकची बाटली निथळून घ्या, मग ती आडवी करून पाण्याच्या टबात हळूहळू बुडवा. ते पाणी कचऱ्याच्या बादलीत गेल्यावर आणखी दोनदा विसळा, लेबल पूर्ण खरवडून काढा, झाकण वेगळं करा आणि मगच ती भंगारात द्या.